बदलापूरपर्यंत मुंबई

रविवारी पहाटे बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलच्या लगेज डब्यात एकदा डोकावून बघा. भाजीचे हारे, रिकाम्या पाट्या आणि त्यांच्या मधोमध उभी केलेली क्रिकेटची लांबडी, चाकांची बॅग. तिला पाठ टेकून बारा-तेरा वर्षांचं एक पोर झोपलेलं असतं. अंबरनाथला आणखी एक चढतं, उल्हासनगरला तिसरं. कल्याणला डबा भरला की तिघंही मुकाट उभे राहतात आणि बॅगा पायांमध्ये घेतात, कारण आडवी पडलेली बॅग म्हणजे चार शिव्या ठरलेल्या.

या तिघांपैकी एखादा आयपीएलपर्यंत पोचला, तर तो नेमका कसा पोचतो? आपल्याला टीव्हीवर दिसतो तो लिलावातला हातोडा. त्याआधीची दहा-बारा वर्षं कुणी दाखवत नाही. ती वर्षं कशी जातात, कुठल्या पायरीवर कोण उभं असतं, पोरं कुठं गळतात, हे सावकाश बघू. उदाहरण आपल्याच लायनीवरचं आहे: कल्याणचा तुषार देशपांडे.

आधी हद्द समजून घ्यायला हवी. अंबरनाथच्या माणसाला स्वतःला मुंबईकर म्हणवून घेताना जरा संकोच वाटतो. जिल्हा ठाणे, घरपट्टी नगरपरिषदेची, आणि मुंबईला जायचं झालं तर तो ‘मुंबईला जातो’ असंच म्हणतो. क्रिकेटच्या नकाशावर मात्र तो पक्का मुंबईकर आहे. मुंबई क्रिकेट असोसिएशनची हद्द पश्चिम रेल्वेवर चर्चगेटपासून डहाणूपर्यंत, नवी मुंबईत खारघरपर्यंत आणि मध्य रेल्वेवर सीएसएमटीपासून बदलापूरपर्यंत जाते. बदलापूर सोडलं की पुढचं स्टेशन वांगणी, आणि तिथून क्रिकेटचा नकाशा बदलतो. पुढचा मुलुख महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचा, म्हणजे पुण्याचा. दोन्ही संस्थांचं लघुरूप एमसीए हेच असल्यामुळे नवख्या पालकांची पहिली गल्लत इथेच होते.

ही रेघ कागदावरची वाटली तरी तिचं वजन मोठं आहे. मुंबईनं रणजी करंडक ४२ वेळा जिंकलाय, महाराष्ट्रानं दोन वेळा, तोही १९४० च्या आसपास. बदलापूरचं पोर त्यामुळे देशातल्या सगळ्यात लांब रांगेत उभं राहतं. रांग लांब असल्यानं नंबर लागणं कठीण. पण एकदा लागला की निवड समितीपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळ्यांची नजर त्या संघावर असतेच. हा सौदा चांगला की वाईट, यावर आमच्या प्लॅटफॉर्मवर गेली कित्येक वर्षं वाद चालू आहे.

सुरुवात बहुतेकांची टेनिस बॉलनं होते. उल्हासनगरच्या गोल मैदानाच्या आसपास, अंबरनाथच्या कारखान्यांमागच्या मोकळ्या जागांत, बदलापूरच्या अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. अंडरआर्म, हाफ पिच, वन टप्पा आउट. थोडं वय वाढलं की रात्रीच्या प्रकाशझोतातल्या ओव्हरआर्म टुर्नामेंट. माजी-आजी नगरसेवकांचे फ्लेक्स, लाउडस्पीकरवर कॉमेंट्री, बक्षीस म्हणून कधी फ्रिज तर कधी बाइक. यातही आता पैसा आलाय. टेनिस बॉलची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग २०२४ च्या मार्चमध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवरच सुरू झाली. पण रणजी आणि आयपीएलकडे जाणारा रस्ता टेनिस बॉलचा नाही. तो सीझन बॉलचा आहे.

दोन्हीतला फरक हातात घेतल्याशिवाय कळत नाही. टेनिसचा बॉल साधारण ५८ ग्रॅमचा, सीझनचा १५६ ते १६३ ग्रॅमचा. जवळपास तिप्पट. टेनिसचा बॉल टप्पा पडला की छातीपर्यंत उडतो, म्हणून बॅट्समनला त्याच्याखाली बॅट घालून उचलायची सवय लागते. सीझन बॉलवर तोच फटका मारला की कॅच. गेलं वर्षभर गल्लीत सिक्स मारणारं पोर पहिल्या महिन्यात नेटमध्ये सतत आउट होतं आणि बाप कोचवर चिडतो. बोलरची गोष्ट उलटी असते. टेनिस बॉलला धड शिवण नसते, त्यामुळे त्याला वेगाशिवाय दुसरं हत्यारच नसतं. वेग असलेल्या मुलाच्या हातात पहिल्यांदा नवा सीझन बॉल दिला की त्याला एकदम दुसरा खेळ सापडतो. पहिली दोन बोटं शिवणीच्या दोन बाजूंना, अंगठा खाली शिवणीवर, शिवण किंचित स्लिपकडे वळलेली, चकचकीत बाजू लेगकडे. सुटताना मनगट मागे राहिलं आणि शिवण डुगडुगली नाही, तर बॉल हवेतच बाहेर वळतो. हे काही मुलांना शिकवावं लागतं, काहींच्या हाताला ते आधीपासून असतं.

आता शाळा. मुंबईत शालेय क्रिकेटच्या दोन मोठ्या पायऱ्या आहेत: १४ वर्षांखालच्यांची गाइल्स शिल्ड आणि १६ वर्षांखालच्यांची हॅरिस शिल्ड. हॅरिस शिल्ड सव्वाशे वर्षांहून जुनी. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीची १९८८ ची ६६४ धावांची नाबाद भागीदारी याच स्पर्धेतली, शारदाश्रमकडून, आझाद मैदानावर. हॅरिसमध्ये मोठी खेळी झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येतं आणि निवडसमितीच्या वहीतही. म्हणून पालक मुलाची शाळा क्रिकेट बघून निवडतात. शार्दुल ठाकूर पालघरचा. त्याला प्रशिक्षक दिनेश लाड यांनी बोरिवलीच्या शाळेत आणलं, स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. तिथून खेळताना २००६ मध्ये त्यानं हॅरिसमध्ये एका षटकात सहा सिक्स मारले. त्याआधी रोहित शर्माला याच लाडसरांनी याच शाळेत घातलं होतं. फी परवडत नव्हती, तेव्हा शाळेनं ती माफ केली.

गावची शाळा सोडून मुंबईच्या शाळेत नाव घालायचं, की इथंच राहून खेळायचं, हा प्रश्न बदलापूर-अंबरनाथच्या प्रत्येक क्रिकेटवेड्या घरात सातवी-आठवीला येतो. डोंबिवलीच्या अजिंक्य रहाणेनं इथंच राहायचा मार्ग धरला. शाळा डोंबिवलीचीच, एस. व्ही. जोशी हायस्कूल, आणि किट घेऊन लोकलनं मुंबईला सराव. त्यानं सांगितलेली एक गोष्ट या लायनीवरच्या सगळ्या बापांना पाठ आहे. पहिल्या दिवशी वडील सोबत गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता तू एकटा जा. आणि मग गुपचूप दुसऱ्या डब्यात बसून मागोमाग गेले, पोरगं नीट पोचतंय का बघायला.

शाळेच्या पायरीवरची सगळ्यात बोलकी घटना मात्र कल्याणचीच. ५ जानेवारी २०१६. कल्याणच्या युनियन क्रिकेट अकादमीच्या मैदानावर के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेनं आर्य गुरुकुल शाळेविरुद्ध नाबाद १००९ धावा केल्या. ३२३ बॉल, १२९ चौकार, ५९ षटकार. एका डावात हजार धावा करणारा जगातला पहिला खेळाडू. आधीचा विक्रम इंग्लंडमधल्या ए. ई. जे. कॉलिन्सचा, नाबाद ६२८, तो १८९९ पासून तसाच होता. प्रणवचे वडील रिक्षा चालवायचे. जगभरचे कॅमेरे कल्याणला आले, सचिननं बॅट पाठवली, असोसिएशननं दरमहा शिष्यवृत्ती जाहीर केली.

चारच महिन्यांनी १६ वर्षांखालच्या पश्चिम विभागाच्या संघात त्याचं नाव नव्हतं, तेव्हा सोशल मीडियावर एकच गदारोळ झाला. हजार धावा करूनही घेत नाहीत म्हणजे काय? गदारोळ करणाऱ्यांना पायऱ्या ठाऊक नव्हत्या. प्रणवची खेळी भंडारी कपातली. ही मुंबई असोसिएशनचीच आंतरशालेय स्पर्धा, पण हॅरिस नव्हे. पश्चिम विभागाचा संघ निवडतात तो वेगवेगळ्या राज्यांच्या १६ वर्षांखालच्या संघांतून, त्या मोसमात तिथं खेळलेल्या मुलांतून. मुंबईचा तो संघ प्रणवच्या खेळीच्या आधीच निवडून झाला होता. प्रणवच्या वडिलांनीच पुढे येऊन हे समजावून सांगितलं आणि वाद थांबवला. त्या सगळ्या गोंधळात शहाणपणानं बोललेला माणूस तो एकच, असं माझं मत आहे. पुढे अपेक्षेएवढा खेळ होत नाही, म्हणून शिष्यवृत्ती बंद करा, असं घरच्यांनीच असोसिएशनला कळवलं. इतका सरळपणा क्रिकेटमध्ये क्वचितच बघायला मिळतो.

या घटनेतून यंत्रणेचा मुख्य नियम कळतो. धावा किती केल्या हे नंतर. कुठल्या स्पर्धेत, कुठल्या वेळी आणि कुणाच्या डोळ्यांसमोर केल्या, हे आधी. प्रत्येक पायरीची एक ठरावीक खिडकी असते. ती उघडी असताना तुम्ही समोर असायला हवं.

आता देशपांडेची रांग.

तुषारचा जन्म १९९५ चा, सुरुवात कल्याणच्या सुभाष मैदानावर, बॅट्समन म्हणून. बारा-तेरा वर्षांचा असताना तो दादरला शिवाजी पार्क जिमखान्याच्या निवड चाचणीला गेला. संध्याकाळची वेळ. बघतो तर पॅड बांधून बसलेल्या बॅट्समनची भलीमोठी रांग, आणि बोलरची त्याच्या जवळपास निम्मी. नंबर येईपर्यंत अंधार पडणार, मग दादरहून कल्याण. तो बोलरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. समोर होते पद्माकर शिवलकर आणि संदेश कावळे. त्यांनी नवा बॉल हातात दिला. बॉल वेगानं बाहेर वळला आणि निवड झाली. ही गोष्ट तुषारनं स्वतः नंतर हसत हसत सांगितली आहे.

ही नशिबाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, पण चाचणीचं गणित पाहिलं तर तिच्यात बरंच शहाणपण आहे. चाचणीत बॅट्समनला दहा-बारा बॉल मिळतात, तेही अनोळखी मुलांच्या हातून. त्यातले चार वाइड, दोन पायांवर, एक उसळलेला. तो काय दाखवणार? बोलरलाही दहा-बाराच बॉल मिळतात, पण प्रत्येक बॉल त्याच्या हातातून सुटतो. चांगला नसला तर पुढचा टाकता येतो. बघणारा जाणकार असला तर त्याला तीन बॉलांत समजतं. आणि तिथं बघणारा कोण होता? शिवलकर. प्रथम दर्जाचे ५८९ बळी घेऊन भारताकडून एकही कसोटी खेळायला न मिळालेला डावखुरा फिरकीपटू. बिशनसिंग बेदीच्या काळात जन्मणं, एवढीच त्यांची चूक. कुठल्या रांगेत उभं राहावं लागलं की काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? शिवलकर २०२५ च्या मार्चमध्ये गेले.

म्हणून उल्हासनगरच्या पालकांना एक फुकटचा सल्ला. पोरगं उंच होत असेल आणि हात सैल असेल, तर त्याच्याकडून बॅटच्या जोडीला बोलिंगही करून घ्या. मुंबईला बॅट्समनचा कधीच तुटवडा पडलेला नाही.

शाळेच्या जोडीनं क्लब सुरू होतो. मुंबईचं क्रिकेट खरं चालतं ते क्लबांवर. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क, माटुंगा. एकेका मैदानावर कित्येक क्लबांचे तंबू, एकाचा फाइन लेग तो दुसऱ्याचा मिडऑन. यातली सगळ्यात अजब स्पर्धा म्हणजे कांगा लीग. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावानं १९४८ मध्ये सुरू झालेली, ए ते जी अशा सात गटांची, आणि भर पावसाळ्यात खेळली जाणारी. ओली, न झाकलेली पिच, एका बाजूला चिखल, बॉल कधी घसरतो तर कधी नाकाशी उठतो. इथं टिकलेला बॅट्समन कुठंही टिकतो, हा मुंबईचा जुना विश्वास. कल्याणपलीकडच्या पोरासाठी कांगा लीगची परीक्षा मैदानाआधी रेल्वेरुळांवर होते. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, फास्ट लोकलनं दीड तासाच्या पुढे, आणि जुलैमध्ये पाणी कुठं भरेल याचा नेम नाही. नऊच्या मॅचला साडेदहाला पोचलेल्या पोराला बारावा खेळाडू करतात. कुणाचा दोष म्हणायचा?

याच काळात एक वेगळी परीक्षा होते, तिचा अभ्यास करता येत नाही. १६ वर्षांखालच्या राज्य पातळीवर पोचलेल्या मुलाच्या डाव्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी वाढीच्या फटी असतात आणि वय वाढेल तशा त्या बुजत जातात. टीडब्ल्यू-३ नावाच्या पद्धतीत पंजातल्या ठरावीक हाडांना त्यांच्या अवस्थेप्रमाणे गुण देतात आणि बेरजेवरून हाडांचं वय काढतात. जन्मदाखल्यांत वय कमी लावायची आपली जुनी कला इतकी पसरली होती, की क्रिकेट मंडळाला हा उपाय करावा लागला. उपाय बोथट आहे. खरोखर पंधराच्या पण लवकर वयात आलेल्या मुलाची हाडं सतराची निघू शकतात, आणि मग तो एका मोसमाला मुकतो. तरी दाखल्यावर विसंबण्यापेक्षा हे बरं.

पुढची शिडी सरळ आहे. राज्याचा १६ वर्षांखालचा संघ विजय मर्चंट करंडक खेळतो, १९ वर्षांखालचा कूचबिहार आणि विनू मंकड, २३ वर्षांखालचा सी. के. नायडू. त्यानंतर मोठ्यांचं क्रिकेट: चार दिवसांची रणजी, एकदिवसीय विजय हजारे, वीस षटकांची सय्यद मुश्ताक अली. शिडी सरळ असली तरी प्रत्येक पायरीवर जागा पंधरा-सोळा, आणि वरच्या पायरीवरून कुणी जागा सोडल्याशिवाय खालच्याला वर येता येत नाही. १९ ते २३ या वयात सगळ्यात जास्त पोरं गळतात. अंडर-१९ संपलं, मोठ्या संघात नाव नाही, आणि घरी डिग्रीचं शेवटचं वर्ष. मग कुणी बँकेच्या परीक्षेला बसतो, कुणी रेल्वेच्या, कुणी कोचिंगला लागतो. बदलापूर-अंबरनाथच्या अकादम्यांतले निम्मे कोच असेच तेवीस-चोवीसला थांबलेले खेळाडू आहेत, आणि ते पोरांना फार चांगलं शिकवतात.

तुषार त्या वयात थांबला नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, हरियाणातल्या लाहलीला तमिळनाडूविरुद्ध त्यानं मुंबईकडून रणजी पदार्पण केलं. दादरच्या रांगेपासून नऊ वर्षं. २०१८ च्या विजय हजारे स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्यानं बिहारविरुद्ध २३ धावांत ५ बळी घेतले, बिहारचा डाव ६९ मध्ये आटोपला आणि त्या वर्षीचा करंडक मुंबईनं जिंकला. पांढऱ्या बॉलनं त्या स्पर्धेत केलेली कामगिरी आयपीएलचे टेहळे बारकाईनं बघतात, कारण त्यांना लाल बॉलचे चार दिवस नकोच असतात. त्यांना हवी असतात चार षटकं.

पैशाचं बोलायला हवं. रणजी खेळाडूला मंडळानं २०२१ मध्ये ठरवलेल्या दरानं, वीस सामन्यांपर्यंतचा अनुभव असेल तर, दिवसाला ४० हजार रुपये मिळतात. चार दिवसांच्या एका सामन्याचे एक लाख साठ हजार. गटातले सातही सामने खेळायला मिळाले तर मोसमाला अकरा लाखांच्या आसपास. राखीव खेळाडूला निम्मे. अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या बापाच्या मानानं हे उत्तमच, पण ते त्या मोसमापुरतं आणि त्या संघात असेपर्यंतच.

लिलाव आता बघा. दहा संघ, प्रत्येकी जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यात आठपर्यंत परदेशी. म्हणजे सगळे संघ भरले तरी साऱ्या देशासाठी जागा दोनशेच्या आतच, आणि त्यातल्या बऱ्याच आधीच राखून ठेवलेल्यांच्या. भारताकडून न खेळलेल्या खेळाडूची पायाभूत किंमत २०२४ पर्यंत २० लाख होती, नंतर ती ३० लाख झाली. २०२० च्या मोसमासाठी दिल्लीनं तुषारला पायाभूत २० लाखांनाच घेतलं. पदार्पण १४ ऑक्टोबर २०२० ला दुबईत राजस्थानविरुद्ध, ३७ धावांत दोन बळी, त्यातला एक बेन स्टोक्स. २०२२ मध्ये चेन्नईनं पुन्हा २० लाखांनाच घेतलं, आणि त्या वर्षी तो फक्त दोन सामने खेळला. म्हणजे आयपीएलच्या गणवेशात असूनही तो बहुतेक काळ बाहेरच बसलेला होता. लिलावात नाव पुकारलं की पोरगं ‘पोचलं’ असं आपण समजतो. संघात आल्यावरही पुढं आणखी एक रांग असते.

३१ मार्च २०२३ ला अहमदाबादेत ती रांग हलली. त्या वर्षी आयपीएलनं इम्पॅक्ट प्लेयरचा नियम आणला: सामन्यादरम्यान एका खेळाडूच्या जागी दुसरा उतरवायचा. अंबाती रायुडूच्या जागी तुषार देशपांडे उतरला आणि आयपीएलचा पहिला इम्पॅक्ट प्लेयर म्हणून त्याची नोंद झाली. पहिला दिवस चांगला गेला नाही: सव्वातीन षटकांच्या जरा वर बोलिंग, ५१ धावा, एक बळी. तरी धोनीनं त्याला काढलं नाही. मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर २१ बळी होते आणि चेन्नईकडे करंडक. षटकामागे दहाच्या आसपास धावाही त्यानं दिल्या, हे लपवायचं कारण नाही. शेवटची षटकं टाकणाऱ्याच्या वाट्याला हा हिशेब येतोच. पुढच्या वर्षी १७ बळी. १३ जुलै २०२४ ला हरारेत झिंबाब्वेविरुद्ध त्यानं भारताकडून पहिला टी-ट्वेंटी खेळला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या लिलावात राजस्थाननं त्याला साडेसहा कोटींना घेतलं. वीस लाखांपासून साडेबत्तीस पट.

आणि दादरला सोडलेल्या त्या बॅट्समनच्या रांगेचं काय झालं? २०२४ च्या फेब्रुवारीत बीकेसीच्या मैदानावर बडोद्याविरुद्ध रणजीचा उपांत्यपूर्व सामना होता. मुंबईची नववी विकेट पडली तेव्हा अकरा नंबरला तुषार आला. दुसऱ्या टोकाला दहा नंबरचा तनुष कोटियन. दोघांनी शेवटच्या विकेटसाठी २३२ धावा जोडल्या. कोटियन नाबाद १२०, देशपांडे १२३. प्रथम दर्जाच्या एकाच डावात दहा आणि अकरा नंबरच्या दोघांची शतकं याआधी एकदाच झाली होती, १९४६ मध्ये लंडनच्या ओव्हलला सरेविरुद्ध, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांची. त्या मोसमात मुंबईनं ४२ वा करंडक घेतला. कर्णधार होता डोंबिवलीचा रहाणे. एक डोंबिवली, एक कल्याण. आमच्या लायनीवर त्या दिवशी ही चर्चा कर्जत लोकलमध्ये कसाऱ्याच्या माणसांनीही केली.

एवढा वेळ सगळ्यांना लागतो का? नाही. पश्चिम रेल्वेच्या टोकाकडचा, विरारचा आयुष म्हात्रे बघा. जुलै २००७ चा जन्म, लहानपणापासून लोकलनं मुंबईत सराव. ऑक्टोबर २०२४ मध्ये, सतराव्या वर्षी, इराणी करंडकात मुंबईकडून पदार्पण. त्याच मोसमात महाराष्ट्राविरुद्ध रणजीत १७६, विजय हजारेत नागालँडविरुद्ध १८१. नोव्हेंबरच्या लिलावात मात्र त्याला कुणी घेतलं नाही. पण एप्रिलमध्ये ऋतुराज गायकवाड जखमी झाला, चेन्नईनं त्याच्या जागी आयुषला बोलावलं, आणि २० एप्रिल २०२५ ला वानखेडेवर त्यानं १५ बॉलांत ३२ काढले. बारावीच्या वयात. बदली खेळाडू म्हणून येणं हीसुद्धा एक खिडकी आहे आणि ती लिलावानंतर उघडते.

इतक्या कोवळ्या वयात येणाऱ्यांसाठी नियमही असतात. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये पूर्वी शाळेतून थेट लीगमध्ये जाता यायचं. २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स अॅक्रनच्या हायस्कूलमधून सरळ एनबीएत गेला, पहिल्याच पसंतीनं. २००६ च्या निवडीपासून तिथं वय किमान १९ हवं आणि हायस्कूल सुटून एक वर्ष झालेलं हवं. आपल्याकडेही १९ वर्षांखालच्या मुलाला लिलावात यायचं तर आधी राज्याच्या मोठ्या संघाकडून खेळलेलं असावं लागतं. वैभव सूर्यवंशी तेराव्या वर्षी लिलावात विकला गेला, तोही आधी बिहारकडून रणजी खेळला होता म्हणून. त्याचा तो पहिला रणजी सामना पाटण्याला झाला, आणि समोर होती मुंबई. हा नियम मला पटतो. सतरा वर्षांच्या मुलाला कोट्यवधी रुपये देण्याआधी त्याला चार दिवस उन्हात उभं करून बघणं यात काही गैर नाही.

आता राहिलं कामाचं. बदलापूर-अंबरनाथमध्ये मुलाला अकादमीत घालणार असाल तर बॅटच्या किमतीआधी तीन गोष्टी विचारा: इथल्या शाळेचा संघ असोसिएशनच्या कुठल्या स्पर्धेत उतरतो, अकादमीतली मुलं मुंबईच्या कुठल्या क्लबकडून कांगा लीग खेळतात, आणि चाचण्यांच्या तारखा तुम्हाला कोण कळवणार. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा बोनाफाईड या तिन्हींवर नाव आणि तारीख तंतोतंत सारखी करून घ्या. फॉर्म भरायच्या दिवशी त्यात फरक निघाला की वर्ष जातं. आणि स्वस्त मिळतंय म्हणून वांगणी-नेरळकडे फ्लॅट बुक करत असाल, घरात क्रिकेट खेळणारं पोर असेल, तर टोकन देण्याआधी त्याची शाळा आणि घर कुठल्या एमसीएच्या हद्दीत येतं, ते एकदा फोन करून विचारून घ्या.